आर्किटेक्ट झाल्यावर नगर नियोजन: दोन पदव्या एकत्र घ्याव्यात का?

पत्र:
ताई, मी मूळची कोल्हापूरची. बी.आर्क. झाले आणि आता पुण्यात एका फर्ममध्ये काम करते. दिवसभर सँक्शनची, म्हणजे मंजुरीची ड्रॉइंग, एफएसआयचं (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं) गणित, पार्किंग बसवणं. आमचं घर शाहूपुरीत आहे. २०१९ ला आणि परत २०२१ ला घरात पाणी आलं. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय: इमारत कितीही चांगली काढली तरी ती कुठे उभी राहणार हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. मला त्या ठरवणाऱ्यांत जायचंय, पण डिझाइनही सोडवत नाही. सॅन होजेला मामा असतात. ते म्हणतात, बर्कलेला एम.आर्क. आणि सिटी प्लॅनिंगची मास्टर्स एकत्र करता येते, दोन्ही घेऊन टाक. बाबा घर तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत, पण त्यांच्या मनात मी इथेच एम.प्लॅन. (नियोजनाची मास्टर्स) करून नगररचना विभागाची परीक्षा द्यावी असं आहे. फर्ममधले सर म्हणतात, अर्बन डिझाइन कर, त्यात दोन्ही येतं. खरंच येतं का? आणि दोन पदव्या घेतल्या तर मी दोन्हीकडची होईन की कुठलीच नाही?
— एक वाचक, पुणे

उत्तर:

तू ताई म्हणून लिहिलंस, म्हणून एकेरीतच उत्तर देते. माझं मत आधी सांगते आणि कारणं मागाहून. एम.आर्क. आणि सिटी प्लॅनिंग अशा दोन्ही पदव्या तू एकदम घेऊ नयेस. एकच घे, नियोजनाची घे, आणि जिथे नियोजनाच्या विद्यार्थ्याला अर्बन डिझाइनच्या स्टुडिओत, म्हणजे प्रत्यक्ष डिझाइन करायच्या वर्गात, बसता येतं अशा ठिकाणी घे. मामा सांगतात ती सोय खरी आहे, चांगलीही आहे. पण ती मुख्यतः कुणासाठी आखली आहे ते बघ.

अमेरिकेत पुष्कळ मुलं चार वर्षांची साधी पदवी घेतात. कुणी इतिहासात, कुणी भूगोलात, कुणी आर्किटेक्चरमध्येच पण व्यवसायाचा परवाना न देणारी. त्यांच्यासाठी एम.आर्क. हीच आर्किटेक्ट होण्याची पहिली व्यावसायिक पदवी असते. एमआयटीत ती साडेतीन वर्षांची आहे. अशा मुलाला शहरातही रस असेल, तर बर्कले, एमआयटी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ अशा ठिकाणी दोन वर्षांचं नियोजन त्यात गुंफता येतं. काही विषय दोन्हीकडे धरले जातात आणि एखादं वर्ष वाचतं. तू मात्र पाच वर्षं बी.आर्क. केलंस, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन तुला मिळतं, उद्या कोल्हापुरात स्वतःची पाटी लावलीस तर कुणी अडवणार नाही. मग एम.आर्क. साठी पुन्हा वर्षं घालवायची तर त्यातून नवीन काय मिळणार, हे आधी स्वतःला विचार.

एक कारण खरं असू शकतं: अमेरिकेतच राहून आर्किटेक्ट म्हणून परवाना घ्यायचा असेल, तर तिथली मान्यताप्राप्त पदवी वाट सोपी करते. पण परदेशी पदवीचं मूल्यमापन करून कमी पडणारे विषय पूर्ण करण्याचा मार्गही तिथे आहे. आणि तुझ्या अख्ख्या पत्रात अमेरिकेत राहायचंय असं एकदाही आलेलं नाही. कोल्हापूर मात्र पहिल्याच ओळीत आलंय.

आता तुझ्या सरांच्या वाक्याकडे येते. अर्बन डिझाइनमध्ये दोन्ही येतं का? निम्मं येतं. आणि ते निम्मं कुठलं हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९५६ साली हार्वर्डमध्ये होजे लुई सर्ट यांनी एक परिषद भरवली. सर्ट तिथल्या डिझाइन शाळेचे डीन होते. त्यांची तक्रार अशी होती की आर्किटेक्ट सुट्या इमारतीत रमलेत आणि नियोजक तक्ते, आकडेवारी आणि धोरणांच्या कागदात. दोघांच्या मधली जागा, म्हणजे रस्ता, चौक, दोन इमारतींमधलं अंतर, मैदानाची कड, कुणाचीच राहिलेली नाही. त्या परिषदेला शहरांवर लिहिणारे लुईस ममफर्ड होते, फिलाडेल्फियाच्या नियोजन आयोगाचे प्रमुख एडमंड बेकन होते, आणि तेव्हा एका वास्तुकला मासिकात काम करणाऱ्या जेन जेकब्सही होत्या. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये पुनर्विकासात छोटी दुकानं गेली की त्यांच्याबरोबर वस्तीचं काय काय जातं, हे त्यांनी तिथे मांडलं. १९६० मध्ये हार्वर्डने अर्बन डिझाइनचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. बर्कलेत १९५९ मध्येच वास्तुकला, लँडस्केप आणि नगर नियोजन हे तिन्ही विभाग एका महाविद्यालयात आणले गेले. ते घडवणारे विल्यम वर्स्टर आर्किटेक्ट, आणि त्यांच्या पत्नी कॅथरीन बाउर गृहनिर्माण धोरणातल्या जाणकार, १९३७ च्या अमेरिकी गृहनिर्माण कायद्यामागे राबलेल्या. त्या महाविद्यालयाच्या इमारतीला आज दोघांचंही नाव आहे.

म्हणजे अर्बन डिझाइन जन्मालाच आलं ते तुटलेला सांधा जोडायला. पण त्याचा स्टुडिओ मुळात डिझाइनचा स्टुडिओ असतो. तिथे तू रस्त्याचे छेद (जागा उभी कापली तर बाजूने दिसेल तसं चित्र) काढशील, वस्तीचं मॉडेल करशील, उंची, सावली, चालण्याची वाट यांवर वाद घालशील. जमीन कुणाची, तिच्यावरचं सार्वजनिक वापराचं आरक्षण उठतं कसं, पैसा कुठल्या खात्यातून येतो, हरकतींच्या सुनावणीत कोण बोलतं आणि कुणाला नोटीसच पोचलेली नसते, हे त्या स्टुडिओत ओझरतं येतं. ते नियोजनात शिकायला मिळतं. आणि तुला जे ‘ठरवणाऱ्यांत’ जायचंय, ते ठरणं याच दुसऱ्या गोष्टींवर असतं. म्हणून मी नियोजनाची पदवी म्हणते. चित्र काढायला तुला येतं, ती पाच वर्षं कुठे जात नाहीत.

‘दोन्हीकडची की कुठलीच नाही’ ही तुझी भीती खरी आहे, आणि ती पदव्यांच्या संख्येने जात नाही. तीन माणसांची उदाहरणं देते.

डेनिस स्कॉट ब्राउन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आधी नगर नियोजनाची पदवी घेतली, १९६० मध्ये, आणि मग १९६५ मध्ये आर्किटेक्चरची. दोन्ही पदव्या, पण एकापाठोपाठ, आणि मधल्या काळात शिकवणं चालू. पुढे फिलाडेल्फियात साउथ स्ट्रीटवरून महामार्ग न्यायचं घाटत होतं. त्या भागात कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आणि छोटी दुकानं होती. स्कॉट ब्राउन १९६८ पासून तिथल्या रहिवाशांच्या बाजूने कामाला लागल्या. महामार्ग नको एवढं म्हणून त्या थांबल्या नाहीत, महामार्ग झाला नाही तर हा रस्ता कसा सावरता येईल याची पर्यायी योजना त्यांनी मांडली. शेवटी महामार्ग रद्द झाला. नियोजनाचं शिक्षण नसतं तर रहिवाशांच्या बैठकीत काय विचारायचं ते कळलं नसतं, आणि हात चित्राला सरावलेला नसता तर पर्याय लोकांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला नसता. दोन पदव्यांचं सार्थक मला तिथे दिसतं.

दुसरे आपल्या पुण्याचेच म्हणावेत असे क्रिस्टोफर बेनिंजर. हार्वर्डमध्ये आर्किटेक्चर आणि एमआयटीत नगर नियोजन शिकलेला हा माणूस. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींबरोबर अहमदाबादला नियोजनाची शाळा उभी करायला आला आणि १९७६ पासून पुण्याचाच झाला. २०२४ मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं. मुळशीकडचं महिंद्रा कॉलेज त्यांचं, आणि भूतानची राजधानी थिंफूचा आराखडाही त्यांचा. दगडी भिंत आणि अख्ख्या राजधानीचा नकाशा एकाच टेबलावर काढता येतो, हे पुण्याच्या दोन पिढ्यांनी त्यांच्याकडे बघून शिकलं.

तिसरे चार्ल्स कोरिया. शिक्षण आर्किटेक्चरचं, मिशिगन आणि एमआयटी. पण १९६५ मध्ये प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर त्यांनी खाडीपलीकडे नव्या मुंबईची कल्पना मांडली. पटेल स्थापत्य अभियंते. म्हणजे दोन आर्किटेक्ट आणि एक इंजिनिअर यांनी मिळून शहराची दिशा बदलण्याचा प्रस्ताव दिला, १९७० मध्ये ते शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ झालं आणि कोरिया त्याचे मुख्य आर्किटेक्ट झाले. ऐंशीच्या दशकात राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे अध्यक्षही तेच होते. नियोजनाच्या पदवीची उणीव त्यांनी कशाने भरून काढली? सोबतीने. त्यांच्या शेजारी सतत वेगळ्या विषयातली माणसं होती.

कोरियांचं बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज तू बघितलं नसशील तर एका रविवारी जाऊन ये. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन पुंजके मिळून मधे त्याहून मोठी मोकळी जागा, आणि असं करत करत पुढे सगळ्यांची सामाईक जागा. घरांना एकमेकांची भिंत लागत नाही, मुद्दाम, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला आपलं घर पुढे वाढवता यावं. आज तिथली बरीच घरं ओळखू येणार नाहीत इतकी बदललीत, मजले चढलेत. अंगणं मात्र टिकली. मला ही जागा अर्बन डिझाइन समजावून सांगायला सगळ्यात जवळची वाटते. घर बदलणार हे गृहीत धरलं आणि जे बदलू नये ते घरांच्या मधे ठेवलं. त्यासाठी प्लॉटची विभागणी, मालकी आणि बांधकामाचे नियम आधी जुळावे लागतात, आणि हे नुसत्या एलिव्हेशनने, म्हणजे इमारतीच्या दर्शनी चित्राने, साधत नाही.

इथेच तुझ्या फर्ममधल्या कामाबद्दल सांगायचंय. तू एफएसआय, पार्किंग हे कंटाळ्याच्या सुरात लिहिलंस. मला ते तुझं भांडवल वाटतं. पुण्याच्या पेठांत वाड्याची भिंत थेट रस्त्यावर, खाली दुकान, वर गॅलरी. आता त्याच शहरात नव्या वस्तीत चालत जा. पुढचं मार्जिन, म्हणजे इमारतीपुढे सोडायची मोकळी जागा, त्याला कंपाउंड वॉल, आत स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवर उचललेल्या इमारतीखाली, गाड्या. फुटपाथवरून चालणाऱ्याच्या बाजूला भिंत आणि अंधार. हे कुणा एका आर्किटेक्टने वाईट डिझाइन केल्यामुळे झालं नाही. मार्जिन, पार्किंग आणि एफएसआयच्या तरतुदी एकमेकींशेजारी ठेवल्या की बिल्डरच्या हिशेबात तेच चित्र निघतं, आणि ते रस्तोरस्ती सारखं निघतं. नियम हेच आपल्याकडचं सगळ्यात मोठं डिझाइन आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दादर-माटुंग्याला ट्रस्टने आखलेल्या वसाहतींत आजही झाडांच्या सावलीतून चालता येतं, कारण इमारत रस्त्यापासून किती मागे आणि किती उंच हे तेव्हा अटींत लिहिलं गेलं. १९१५ चा नगररचना कायदा, मग १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा (एमआरटीपी), आणि २०२० ची बांधकामाची एकत्रीकृत नियमावली, ज्यातले तक्ते तू रोज उघडतेस. त्यातलं एक कलम बदललं तर दहा वर्षांनी रस्ता कसा दिसेल, हे बघू शकणारी माणसं फार थोडी आहेत. नियोजकाला कलम कळतं, आर्किटेक्टला रस्ता दिसतो. तुला दोन्ही जमू शकतं. निम्मं तर फर्ममध्ये पगार घेऊन शिकते आहेस.

आता शाहूपुरी. तुझ्या पत्रातली माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे. बाकी प्रश्न सगळे विचारतात, हा तुझा आहे.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापूरच्या शाळकरी मुलालाही पाठ असतं. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन्हींच्या मधे अटींवर परवानगी, असा ढोबळ नियम. पण दोन वर्षांच्या अंतराने दोन मोठे पूर आलेल्या गावात, २५ आणि १०० हे आकडे लोकांना काय सांगतात?

इथे आर्किटेक्ट म्हणेल, जोतं उंच घ्या, स्टिल्टवर बांधा. एका घरापुरतं बरोबर. पण सगळ्यांनी भराव घालून जोती उंच केली तर पाणी जयंती नाल्याच्या कडेने मागच्या गल्लीत चढेल. नियोजक म्हणेल, रेषा कडक पाळा, आतलं बांधकाम थांबवा. बरोबर, पण शाहूपुरी ही काही काल झालेली वसाहत नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली ती बाजारपेठ आहे, तिथे पिढ्यांचे व्यवसाय आहेत. कुंभार गल्लीचं बघ. गणपतीच्या मूर्ती जुलै-ऑगस्टमध्ये शेडभर उभ्या असतात, आणि पूर नेमका तेव्हाच येतो. त्या गल्लीला ‘उठा’ म्हणणंही चूक आणि ‘राहा’ म्हणून गप्प बसणंही चूक. मूर्ती वर चढवायला सामाईक उंच जागा कुठे? नाल्याच्या काठची कुठली मोकळी जागा दहा महिने बाजाराची आणि दोन महिने पाण्याची ठेवता येईल? ज्याचं बांधकाम थांबवणार त्याला मोबदला कशात? वाट अशी कुठली आहे की पाणी चढायच्या आत म्हाताऱ्या माणसांना चालत बाहेर पडता येईल? हे चारही प्रश्न एकाच वेळी हातात धरणं हेच ते काम, ज्यासाठी तू दोन पदव्यांचा विचार करते आहेस.

असा विचार आपल्याकडे नवा नाही. पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि गावोगाव हिंडून त्यांनी शहरांवर अहवाल लिहिले. १९१९ पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. जुन्या गल्ल्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. आधी पायी फिरा, माणसं कशी राहतात ते बघा, मग जिथे अगदी गरज आहे तिथेच कापा, असं त्यांचं सांगणं. गेडिस मुळात वनस्पतिशास्त्राचे. त्यांच्याकडे आर्किटेक्चरचीही पदवी नव्हती आणि नियोजनाचीही.

तर आधी हे कर. या पावसाळ्याच्या आत कोल्हापूरला जा आणि तुझ्या घरापासून नाल्यापर्यंत, आणि नाल्यापासून नदीपर्यंत, एक लांब छेद काढ. भिंतींवर दोन्ही पुरांच्या खुणा अजून सापडतील, त्या मोज, लोकांना विचारून खात्री कर. त्याच छेदावर विकास आराखड्यातला जमिनीचा वापर दाखव, पूररेषा दाखव, कोण मालक आणि कोण भाडेकरू ते दाखव. नियोजक केविन लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमध्ये लोकांना आपापलं शहर आठवणीने कागदावर काढायला लावलं होतं. तू गल्लीतल्या लोकांना पुराच्या दिवशीची बाहेर पडायची वाट काढायला सांग. बायका, मुलं, मूर्तिकार, रिक्षावाले, प्रत्येकाचा नकाशा वेगळा येईल. ते सगळे नकाशे ठेव. उत्तर शोधायची घाई करू नकोस. प्रवेशाच्या पोर्टफोलिओत चकचकीत रेंडर सगळ्यांचेच असतात, असा छेद क्वचित कुणाकडे असतो. आणि समजा कुठेच प्रवेश घेतला नाहीस, तरी विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा तो छेद जोडून अर्ज देता येतो. तो अर्ज द्यायला कुठलीच पदवी लागत नाही.

आता कुठे शिकायचं. परदेशीच जायचं असेल तर एमआयटीची सिटी प्लॅनिंगची मास्टर्स दोन वर्षांची आहे, आणि तिच्याबरोबर अर्बन डिझाइनचं प्रमाणपत्र घेता येतं. त्यासाठी आर्किटेक्चर आणि नियोजन या दोन्ही विभागांतले विद्यार्थी एकत्र स्टुडिओ करतात. तुझ्यासाठी मी पहिली पसंती याला देईन. बर्कलेलाच गेलीस तर नियोजनाची दोन वर्षं कर आणि विषय निवडताना डिझाइनकडे झुक. मामा जवळ असल्याचा आधार मोठा, तो कमी लेखू नकोस. बर्कलेतच अर्बन डिझाइनचा साधारण एका वर्षाचा अभ्यासक्रमही आहे, तो आधीच व्यावसायिक पदवी असलेल्यांसाठी. हार्वर्डचा अर्बन डिझाइनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही तुझ्यासारख्या आर्किटेक्टसाठीच आहे. मुंबईचे राहुल मेहरोत्रा तिथेच अर्बन डिझाइन शिकले आणि पुढे तिथल्या नगर नियोजन व डिझाइन विभागाचे प्रमुख झाले. तरीही मन दोन पदव्यांवरच गेलं, तर एक लक्षात ठेव: अर्ज बहुधा दोन्ही विभागांकडे वेगवेगळे जातात आणि दोघे स्वतंत्रपणे निर्णय घेतात. एकाने घेतलं म्हणून दुसरा घेईलच असं नाही.

इथल्या वाटाही कमी प्रतीच्या नाहीत, आणि हे मी बाबांच्या समाधानासाठी लिहीत नाही. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये (एसपीए) अर्बन डिझाइन आणि नियोजन हे शेजारशेजारचे विभाग आहेत. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातही दोन्ही आहेत, आणि गुजरातने नगररचना योजनांचा, म्हणजे जमिनी एकत्र करून नव्याने प्लॉट आखण्याच्या टीपी स्कीमचा, मार्ग ज्या सातत्याने चालवला तो जवळून बघायला मिळणं हे स्वतंत्र शिक्षण आहे. मुंबईत केआरव्हीआयए या आर्किटेक्चर कॉलेजात अर्बन डिझाइन आहे, पुण्यात सीओईपी या तंत्रज्ञान विद्यापीठात नगर नियोजन. गेटच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या, परीक्षेत आर्किटेक्चर आणि नियोजनाचा वेगळा पेपर असतो. त्यात चांगले गुण मिळाले तर पात्र अभ्यासक्रमात दरमहा शिष्यवृत्ती मिळते. सरकारी नोकरीबद्दल बाबांचं म्हणणं मनावर घे. पूररेषेच्या आतली परवानगी द्यायची की नाही, हे शेवटी खात्याच्या टेबलावरच लिहिलं जातं, आणि त्या टेबलामागे चित्र समजणारी माणसं हवी आहेत. परीक्षेच्या पात्रतेत कुठली पदवी धरतात हे मात्र मूळ जाहिरातीत वाच, ओळखीच्यांच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

पैशाचं स्पष्टच बोलते. घर तारण पडणार असेल तर प्रत्येक जास्तीचं वर्ष म्हणजे त्या वर्षाची फी, राहण्याचा खर्च आणि न मिळालेला पगार. दोन पदव्यांतली एम.आर्क. ही तुझ्याकडे आधीच असलेल्या गोष्टीची पुनरावृत्ती असेल, तर तिच्यासाठी शाहूपुरीचं घर गहाण पडू नये. आणखी एक गोष्ट मामांनाही बहुधा ठाऊक नसेल: अमेरिकेत शिक्षणानंतर मिळणारी काम करण्याची मुभा प्रत्येक शैक्षणिक पातळीला एकदाच मिळते, साधारण १२ महिने. दोन मास्टर्स एकाच पातळीच्या, म्हणून दोन पदव्या घेतल्या तरी ती मुदत दुप्पट होत नाही. अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात, आणि तो त्या यादीत आहे का हे विद्यापीठागणिक बदलतं. हे नियम बदलत राहतात. अर्ज करण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घे. नियोजनाच्या विभागांत संशोधन सहायकाची किंवा अध्यापन सहायकाची कामं असतात, कुणाला किती मिळतात ते तिथे शिकणाऱ्या दोघातिघांना विचार. प्रवेश मिळाला पण मदत काहीच नाही, अशी वेळ आली तर मी तुला जा म्हणणार नाही.

बाबांशी बोलताना ‘अमेरिका की एम.प्लॅन.’ असा वाद घालू नकोस. कागदावर तीन रकाने आखून दोघं शेजारी बसा: एकूण खर्च, किती वर्षं, आणि परत आल्यावर कोल्हापुरात किंवा पुण्यात हातात काय असेल. ते घर तारण ठेवायला तयार आहेत याचा अर्थ त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे, मग आकडेही त्यांना पूर्ण दाखव. मामांनाही तोच कागद पाठव.

अमेरिकेचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत जातात आणि गेट फेब्रुवारीत असते, म्हणजे एकाच वर्षात दोन्हींची तयारी करता येते. नोकरी इतक्यात सोडू नकोस. उलट सरांना विचार की एखाद्या लेआउटचं किंवा टीपी स्कीमचं काम मिळेल का, पालिकेत फाइल घेऊन तूच जाशील का. छेद काढून झाला की त्याचा फोटो आणि पाचशे शब्दांचं टिपण या सदराच्या पत्त्यावर पाठव. उद्देशपत्राचा कच्चा खर्डा त्यातूनच निघेल. मी तो ओळ न् ओळ वाचून कळवेन.